‘मी’ची घडण आणि विषाद : रायपूर परिसरातील द्विभाषिक कैशोर्याचा एक इतिहास

इसवी सन १८७७ मध्ये कलकत्त्याचे एक वकील, विश्वनाथ दत्त, कामानिमित्त रायपूरला राहावयास आले आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे कुटुंबही आले. थोरला मुलगा नरेंद्रनाथ तेव्हा चौदा वर्षांचा होता. रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचली नव्हती, त्यामुळे प्रवासाचा मोठा टप्पा बैलगाडीने दाट अरण्यातून झाला. त्या वाटेवर मुलाला आलेल्या एका विलक्षण तन्मयतेच्या अनुभवाचा उल्लेख पुढे विवेकानंदांच्या बहुतेक चरित्रांत येतो. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने चरित्रांतील दुसरे एक वाक्य अधिक मोलाचे आहे. रायपुरात त्याच्या इयत्तेस साजेशी शाळा नव्हती, म्हणून १८७९ पर्यंतचा काळ त्याने वडिलांच्या आणि घरी येणाऱ्या जाणत्या मंडळींच्या सहवासात, वादविवाद ऐकत व करीत काढला. म्हणजे चौदा ते सोळा या वयात, ज्या काळात मुलगा स्वतःकडे इतरांच्या नजरेने पाहू लागतो, त्या काळात या मुलापुढे परीक्षेचा निकाल, वर्गातील क्रमांक आणि समवयस्कांची तुलना हे तीनही आरसे नव्हते. जो आरसा होता तो प्रौढांचा होता, आणि तो मुलाला बरोबरीने वागवीत होता.

हा प्रसंग अपवादात्मक आहे आणि त्यावरून कोणताही नियम काढता येणार नाही. तो येथे नोंदविला तो एवढ्यासाठीच की, किशोरवयातील ‘स्व’विषयीची कल्पना व तिच्याशी जोडली जाणारी खिन्नता यांचा विचार आज ज्या परिभाषेत होतो, ती परिभाषा शाळेच्या पोटी जन्मली आहे. शाळा नसलेल्या, उशिरा आलेल्या, किंवा परक्या भाषेत आलेल्या प्रदेशात ती कशी लागू पडते, हा प्रश्न रायपूर परिसराने वारंवार उभा केला आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता, १८५४ मधील खालसा, १८६१ मध्ये स्थापन झालेला मध्यप्रांत आणि नागपूर ही त्याची राजधानी, या क्रमात छत्तीसगढात मराठी कुटुंबे स्थिरावली. घरात मराठी, शाळेत हिंदी, कचेरीत इंग्रजी आणि बाजारात छत्तीसगढी, ही भाषांची वाटणी त्या कुटुंबांतील मुलांना जन्मतःच मिळाली. अशा मुलाचा ‘मी’ कोणत्या भाषेत घडतो?

ज्या वर्षी विल्यम जेम्स यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच १८९० साली पुण्यात हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ सुरू केले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरीही तौलनिक अभ्यासकाने त्या शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. जेम्स यांनी जाणणारा ‘मी’ आणि जाणला जाणारा ‘मी’ असा भेद केला, आणि आत्मसन्मान म्हणजे माणसाच्या यशाला त्याच्या अपेक्षांनी दिलेला भागाकार, असे एक जवळजवळ हिशेबी सूत्र मांडले. अपेक्षा कमी केल्या तरी भागाकार वाढतो, हा त्यातील मिस्कील भाग सहसा विसरला जातो. आपटे यांनी त्याच दशकात मराठीला दोन प्रथमपुरुषी कादंबऱ्या दिल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूच्या तोंडून सांगितलेली, आणि ‘मी’ ही भावानंदाची आत्मकथनपर. दुसरीचे शीर्षकच एकाक्षरी आहे. इंग्रजीत ज्या भेदासाठी दोन स्वतंत्र शब्द लागतात, तो भेद मराठीत एकाच सर्वनामाच्या विभक्तीत, ‘मी’ आणि ‘मला’ यांत, सामावतो. सांगणारा प्रौढ ‘मी’ आणि सांगितला जाणारा लहानपणचा ‘मी’ यांतील अंतर हा या कादंबऱ्यांचा खरा विषय आहे. मराठीत किशोरमनाचे निरीक्षण मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने आणलेले नाही. कादंबरीने ते आधीच सुरू केले होते.

यमूच्या कथेत मात्र एक गोष्ट नाही, आणि ती नसणे हेच लक्षणीय आहे. तिला कैशोर्यच नाही. बालपण संपते आणि सासर सुरू होते, मध्ये काही नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने जी मर्यादा बारा वर्षांवर नेली, तीवरूनच मधली जागा किती अरुंद होती हे कळते. ग्रॅन्व्हिल स्टॅन्ले हॉल यांनी १९०४ मध्ये दोन खंडांत ‘अ‍ॅडोलसन्स’ लिहून या वयाला वादळाचे वय ठरविले, त्यातील उदासीनतेच्या लाटांची नोंद केली, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः शिकणारा, लग्न लांबलेला, अमेरिकन मुलगा होता. मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआतील मुलींविषयी लिहून या वादळाची सार्वत्रिकता नाकारली. त्यांच्या निरीक्षणांवर पुढे बरेच आक्षेप आले, पण मूळ प्रश्न उरलाच. वयात येताना मुलींमध्ये विषादाची लक्षणे मुलांच्या मानाने वाढतात आणि पुढे हे प्रमाण सुमारे दुप्पट होते, हे आज अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील यमूंविषयी असे कोणतेही मोजमाप होऊ शकत नाही. त्यांच्या खिन्नतेला नाव नव्हते. तिला ‘नशीब’ म्हटले जाई.

रायपूरच्या इतिहासात या संदर्भात सर्वांत ठळक नाव माधवराव सप्रे यांचे आहे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बिलासपूरला प्रारंभीचे शिक्षण आणि मग रायपूरची हायस्कूल. तेथे त्यांना नंदलाल दुबे हे शिक्षक भेटले, ज्यांनी संस्कृत नाटकांचे हिंदी अनुवाद केले होते. मराठी घरातील या किशोराचे हिंदीशी नाते येथे जुळले, आणि ते शाळेतील सक्तीतून न जुळता एका माणसाविषयीच्या आदरातून जुळले. पुढे सरकारी नोकरीच्या वाटेस न जाता त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यांचे सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे, दोघेही मराठी. हिंदी नियतकालिकाच्या इतिहासातील हा एक मोठा टप्पा तीन मराठी माणसांनी उभा केला, याची मराठीत म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

सप्रे यांच्या जीवनातील विषादाचा प्रसंग किशोरवयातील नाही, तरी तो येथे टाळता येत नाही. १९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. थोरल्या बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहाखाली त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. त्यानंतरचा काळ त्यांनी एकांतात काढला. हनुमानगढ येथील रामदासी मठात राहून माधुकरी मागितली, ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद केला आणि पुढे रायपुरात वास्तव्य केले. १९१६ मध्ये टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा त्यांचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध झाला.

टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडलेला एक भेद या ठिकाणी उपयोगी पडतो. माणूस प्रत्यक्षात जसा आहे आणि त्याला जसे व्हावेसे वाटते, यांत अंतर पडले तर खिन्नता येते. तो जसा आहे आणि त्याने जसे असायला हवे असे कर्तव्य सांगते, यांत अंतर पडले तर अस्वस्थता व अपराधभाव येतो. सप्रे यांच्या बाबतीत दोन्ही अंतरे एकाच सहीने पडली. एका बाजूला राष्ट्रसेवकाचा आदर्श, दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाचे कर्तव्य, आणि एक पाळताना दुसरे मोडले. पण त्यांनी त्यावर शोधलेला मार्ग या सिद्धांतात बसत नाही. त्यांनी हे अंतर भरून काढण्याऐवजी ‘मी’लाच काही काळ बाजूला ठेवले.

रामदासांच्या भाषेत ‘उदास’ हा शब्द दुःखी माणसाचा वाचक नाही. तो आसक्ती सुटलेल्या माणसाचा वाचक आहे. संतपरंपरेत उदास होणे ही साधना आहे, आणि आधुनिक मराठीत उदास होणे हे लक्षण आहे. एकाच शब्दाने तीनशे वर्षांत केलेला हा प्रवास मराठी भाषकाच्या मनोव्यापाराचा इतिहासच सांगतो. ‘गीते’च्या पहिल्या अध्यायाचे नावही ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. तेथे विषाद हा योगाचा आरंभ मानला आहे. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ ही दोन पुस्तके एका पाठोपाठ एक हिंदीत आणणाऱ्या सप्रे यांना हा अर्थभेद केवळ अनुवादकाच्या कुतूहलाने जाणवला असेल, असे मानणे कठीण आहे.

आता मुक्तिबोध बंधूंकडे वळावयास हवे, कारण या विषयाचे मराठी-हिंदी सीमेवरील सर्वांत समृद्ध उदाहरण तेच आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी. बदलीची नोकरी, त्यामुळे गावे बदलत, शाळा बदलत. घरची भाषा मराठी. आई पार्वतीबाई बुंदेलखंडातील ईसागढच्या, हिंदी वातावरणात वाढलेल्या, आणि त्यांचे आवडते लेखक दोन होते, प्रेमचंद व हरि नारायण आपटे. प्रेमचंदांची ओढ आपल्याला आईने लावली, असे मुक्तिबोधांनी एका लेखाच्या शीर्षकातच नोंदविले आहे. यमूची कथा लिहिणारा लेखक आणि ‘गोदाना’चा लेखक एकाच आईच्या उशाशी असणे, हे भाषिक वाटणीपेक्षा वेगळे काही सांगते. आईच्या ठायी दोन भाषांचे भांडण नव्हते.

१९३० मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षाच्या आगेमागे, उज्जैन येथे गजानन माध्यमिक परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पुढे इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून पदवी मिळवितानाही एकदा अपयश आले. १९३८ मध्ये ते पदवीधर झाले. १९३९ मध्ये घरच्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांनी विवाह केला. १९४३ च्या ‘तार सप्तका’तील वक्तव्यात त्यांनी १९३८ ते १९४२ ही वर्षे मानसिक संघर्षाची आणि बर्गसाँच्या प्रभावाखालील व्यक्तिवादाची होती, असे स्वतःच सांगितले आहे. या नोंदींची साखळी जोडून, शालेय अपयशातून हीन आत्मप्रतिमा, तीतून विषाद आणि त्यातून काव्य, असे सरळ उत्तर मांडण्याचा मोह होतो. अनेक परिचयलेखांनी तो आवरलेला नाही.

हा मोह दोन कारणांनी आवरला पाहिजे. पहिले कारण संशोधनातूनच येते. मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांच्या ५,०२४ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ मध्ये दाखविले की, आत्मसन्मान कमी असलेल्या किशोरांत विषादाची लक्षणे अधिक आढळतात. पण हा सहसंबंध होता. कोणते आधी, कोणते नंतर, हे त्यातून ठरत नव्हते. एरन बेक यांनी १९६७ मध्ये स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी नकारात्मक दृष्टी हा विषादाचा गाभा मानला, म्हणजे हीन आत्मप्रतिमा कारण की लक्षण हा प्रश्न अधिकच गुंतला. २०१३ मध्ये सोविस्लो आणि ओर्थ यांनी दीर्घकाळ चाललेल्या ७७ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा आत्मसन्मानाचा पुढील विषादावरील परिणाम उणे ०.१६ आणि विषादाचा पुढील आत्मसन्मानावरील परिणाम उणे ०.०८ निघाला. पहिला प्रवाह दुसऱ्याच्या दुप्पट, म्हणजे सिद्धांताला आधार मिळाला खरा. परंतु दोन्ही आकडे लहान आहेत. एवढ्या क्षीण धाग्यावर एका माणसाचे संपूर्ण चरित्र लोंबकळत ठेवता येत नाही.

दुसरे कारण साहित्याचे आहे. सुसान हार्टर यांच्या अभ्यासानुसार चौदा-पंधराव्या वर्षी मुलांना आपल्यातील परस्परविरोधी गुण सर्वाधिक जाणवतात. घरी हसरा, वर्गात अबोल, मित्रांत उद्धट, मग खरा मी कोणता? त्याआधीच्या वयात हे विरोध दिसत नाहीत, आणि त्यानंतरच्या वयात त्यांचा मेळ घालता येतो. मधली वर्षे त्रासाची. मुक्तिबोधांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी हा मेळ घालण्याचे बुद्धिपुरस्सर नाकारले. ‘एक साहित्यिक की डायरी’मधील ‘तीसरा क्षण’ या लेखाच्या आरंभी दोन तरुण मित्र रानावनांत हिंडत वाद घालतात. मित्राचे नाव केशव. सौंदर्यानुभवाच्या तीन क्षणांची जी मीमांसा पुढे येते, ती या तारुण्यातील संवादाच्या चौकटीतून निघते. निबंधाच्या शुष्क रूपात ती मांडणे त्यांना शक्य होते, पण दुसऱ्याच्या तोंडून आपल्याशी भांडत राहणे हीच त्यांची विचार करण्याची रीत होती. त्यासाठी त्यांनी ‘आत्मसंघर्ष’ हा शब्द रूढ केला. किशोरवयातील जी द्विधा बहुतेक माणसे मागे टाकतात, तिला त्यांनी प्रौढ वयातील पद्धतीचे रूप दिले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगढ मध्यप्रदेशात राहिले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, मुक्तिबोध नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. रायपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरील हे गाव, जुन्या राजवाड्याच्या आवारातील महाविद्यालय, दोन बाजूंना तलाव. ज्याला स्वतःला परीक्षेने दोनदा अडविले, तो माणूस आता परीक्षा घेणाऱ्यांच्या बाजूला होता. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ ही त्यांची कथा याआधीची, पण शिक्षक-विद्यार्थी नात्याचे त्यांचे आकलन तीत उमटले आहे. ओसाड वाड्यात बारा वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याला शेवटी कळते की गुरू हा ब्रह्मराक्षस आहे, आणि मिळालेली विद्या पुढे दिली नाही तर हीच गती आपलीही आहे. विद्या येथे आत्मप्रतिमेचे भूषण नाही, ऋण आहे. १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्यप्रदेश शासनाने बंदी घातली. या आघाताचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, याविषयी चरित्रकारांत मतभेद नाहीत. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेभोवती जो वाद पेटला, तो प्रस्तुत विषयाचा जणू साहित्यसमीक्षेतील अवतार होता. कवितेतील वक्त्याला अंधाऱ्या खोल्यांत कोणीतरी फिरत असल्याचे जाणवते, आणि तो कोणीतरी म्हणजे त्याचेच न गवसलेले पूर्ण रूप असते. नामवर सिंह यांनी यात अस्मितेचा शोध पाहिला. रामविलास शर्मा यांनी १९७८ च्या ‘नयी कविता और अस्तित्ववाद’ या ग्रंथात दुभंगलेल्या मनाच्या व्याधीपर्यंत निदान नेले. शर्मांची व्यासंगी शिस्त वादातीत आहे, पण येथे त्यांनी कवितेतील पात्राची प्रकृती कवीच्या नाडीवर बोट ठेवून तपासली. नामवर सिंहांचे वाचन अधिक टिकाऊ ठरले, मात्र ‘अस्मिता’ हा शब्द घेताना एरिक्सन यांच्या काळापासून त्याला चिकटलेली किशोरवयाची चौकटही आपण घेत आहोत काय, हे त्यांनी तपासले नाही. एरिक्सन यांच्या मांडणीत हा शोध किशोरवयातच निर्णायक होतो. ‘अंधेरे में’चा वक्ता प्रौढ आहे, शहरावर दमनाची छाया आहे, आणि त्याचा शोध एकट्याने पूर्ण होणारा नाही.

आश्चर्य असे की, या वादात कोणीही धाकट्या भावाची साक्ष काढली नाही. शरच्चंद्र मुक्तिबोध (जन्म १९२१) त्याच घरात, त्याच माळव्यात वाढले, त्यांनी मराठी निवडली आणि ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) व ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) ही कादंबरीत्रयी लिहिली. एका तरुणाची कोवळ्या वयापासूनची मानसिक जडणघडण, त्याची एकाकी हळवी वृत्ती आणि समूहाकडे होणारा प्रवास हा तिचा विषय आहे. थोरल्याने जे स्वप्नचित्रांत आणि भयचित्रांत मांडले, ते धाकट्याने कालक्रमाने, नदीच्या काठाने, सावकाश सांगितले. एकाच कुटुंबातून, एकाच संस्कारांतून निघालेल्या दोन ‘मीं’ची दोन भाषांतील ही कथने शेजारी ठेवली असता, विषाद हा व्यक्तीच्या प्रकृतीइतकाच साहित्यप्रकाराच्या प्रकृतीचाही गुण असतो, हे ध्यानात येते. त्रयी वाचून थोरल्या भावाचे बालपण शोधणे मात्र तितकेच घातक ठरेल.

शब्दांचा प्रश्न पुन्हा येतो. पन्नाशीच्या दशकात हिंदी नव्या कवितेच्या चर्चेत ‘कुंठा’ हा शब्द इतका रुळला की तो नाण्यासारखा झिजला. मराठीत त्याच सुमारास नवकाव्याला ‘वैफल्य’ चिकटविले गेले, तर घराघरांत ‘न्यूनगंड’ पोहोचला. कुंठेत धार बोथट झाल्याचा भाव आहे, वैफल्यात फळ न आल्याचा, न्यूनगंडात गाठ बसल्याचा. आजच्या वैद्यकीय व्यवहारात हिंदी ‘अवसाद’ म्हणते, म्हणजे खचणे, आणि मराठी ‘नैराश्य’ म्हणते, म्हणजे आशा सुटणे. रायपुरातील मराठी घरातील मुलगी शाळेत एका शब्दाने आणि आजीजवळ दुसऱ्या शब्दाने आपले मन सांगते, तेव्हा ती एकच गोष्ट सांगत असते असे गृहीत धरता येत नाही.

भारतातील शैक्षणिक मानसशास्त्रात आर. के. सारस्वत यांची स्व-संकल्पना प्रश्नावली दीर्घकाळ वापरली गेली. ४८ विधाने आणि सहा अंगे : शारीरिक, सामाजिक, स्वभावविषयक, शैक्षणिक, नैतिक आणि बौद्धिक. या सहांत भाषा नाही. पेंड्र्याहून मासिक काढणाऱ्या सप्रे यांना किंवा उज्जैनच्या शाळेत अनुत्तीर्ण झालेल्या गजाननाला ही प्रश्नावली दिली असती, तर ती कोणत्या भाषेत दिली यावरच बरेच काही ठरले असते. आणि धाकट्या शरच्चंद्रांची उत्तरे बहुधा वेगळी आली असती.